मालनताईंची दीड मिनिटं

परळच्या एका मराठी शाळेत मालन तांबे लॅब असिस्टंट आहेत. काम परीक्षानळ्या धुण्याचं, ॲसिडच्या बाटल्या कुलपात ठेवण्याचं आणि आठवीच्या पोरांना स्पिरिटच्या दिव्यापासून लांब ठेवण्याचं. पण शाळेचं नाटक बसायला लागलं की मुख्याध्यापकांसकट सगळे त्यांच्या दाराशी जातात, कारण नाटकात कुठे काय वाजायचं ते मालनताई ठरवतात. तीस वर्षांचा रिवाज आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव येतंच असं नाही. आलंच तर 'विशेष सहकार्य' म्हणून, मांडववाल्याच्या खाली.

दर्शना पालव शाळेत मराठी शिकवायला लागल्या त्याला दोनच वर्षं झाली होती. तीन महिन्यांची नाट्यकार्यशाळा केलेलं माणूस थोडं हवेतच असतं, तशा त्याही होत्या. आंतरशालेय स्पर्धेसाठी त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. बोटीवर नोकरी करणारा नातू सुट्टीवर येणार म्हणून आजी खाऊचा डबा भरते, आणि तो येणार नाही असं कळल्यावर एकेक पुडी बाहेर काढून पुन्हा फळीवर ठेवते. शेवटची ही दीड मिनिटं आजी एक अक्षरही बोलत नाही. तिथे काय वाजवायचं, हा प्रश्न होता. दर्शनाबाई बेचाळीस धुनांचा पेनड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये गेल्या.

मालनताईंनी पेनड्राइव्ह ठेवून घेतला आणि एकच गोष्ट सांगितली. ज्या सुरांना शब्द चिकटलेत, ते नाटकाला चालत नाहीत. वाद्यावर वाजलं म्हणून काय झालं, स्टेजवर आजी रडते आणि पब्लिक मनातल्या मनात गाणं म्हणतं.

त्यांची परीक्षाही साधी होती. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की त्या कोपऱ्यात फोनवर धून लावून द्यायच्या, कुणाला काही न सांगता. एकजण जरी गुणगुणला तरी धून बाद. सारंगी भूगोलाच्या सरांनी घालवली, त्यांना दुसऱ्याच ओळीला सिनेमातलं गाणं सापडलं. संतूर ऑफिसच्या सीमाताईंनी घालवला. बँकेला फोन केला की हेच वाजतं, वीस-वीस मिनिटं, असं म्हणून त्यांनी बँकेचा उद्धारही केला. दर्शनाबाईंना आधी हा पोरखेळ वाटला. आठवडाभरात एकोणचाळीस धुना गळल्या आणि त्यांची कार्यशाळा चांगलीच जमिनीवर आली. चाळिसावी बासरीची होती. ती वाजली तेव्हा सगळे मुकाट जेवत राहिले. मालनताईंनी त्या नावापुढे बरोबरची खूण केली.

शनिवारी रंगीत तालीम झाली, पाचवी ते सातवीच्या मुलांसमोर. आजीचं काम आठवीची अक्षता करत होती. एरवी वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणायलाही दोनदा विचार करणारी पोर, पण पदर घेतला की पाठ वाकायची आणि हात थरथरायचे. तिने डबा उघडला. बासरी सुरू झाली. आणि अख्खा हॉल खो खो हसला.

कारण नंतर कळलं. सहावीतल्या नीलने सांगितलं की ही बासरी फोनवरच्या गमतीच्या व्हिडिओंत रोज वाजते. माणूस शेवाळावरून धपकन पडतो, मांजर बादलीत जातं, त्याच्या मागे हीच. पोरांना आजी दिसलीच नाही, त्यांना मांजर दिसलं.

अक्षताने केसांचा पांढरा टोप काढून टेबलावर ठेवला आणि मी हे करणार नाही म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. तेच जास्त वाईट होतं. स्पर्धा मंगळवारी. दर्शनाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीची समजूत घालायला त्या पोरं लहान आहेत, त्यांना कळत नाही वगैरे बोलून गेल्या. अक्षताने टोपाकडे हातही नेला नाही.

मालनताई तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "त्यांचं नाही, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "स्टाफरूममधल्या सगळ्यांना ऐकवलं, पण चाळिशीच्या खालच्या एकालाही नाही. माझ्या चुकीपायी तुझं हसं झालं. आता हसतील असं काही वाजणार नाही, हा माझा शब्द."

दर्शनाबाईंनी आजवर मोठ्या माणसांनी मुलांची अशी सरळ माफी मागितलेली पाहिली नव्हती. शिक्षकांनी तर नाहीच. अक्षताने टोप उचलून मांडीवर घेतला. करेन असं ती म्हणाली नाही, पण रविवारी तालमीला आली.

रविवारी काहीच न वाजवता करून पाहिलं. रिकाम्या हॉलमध्ये बाहेरचे हॉर्न ऐकू यायला लागले, अक्षता बावरली आणि आजीने अख्खा डबा अर्ध्या मिनिटात रिकामा केला. कुणी पाठीमागे लागल्यासारखा. मधेमधे ती खुर्च्यांकडे बघत होती, आता हसतील म्हणून. नाटक बघायला समोर एकही माणूस नव्हता.

संध्याकाळी मालनताई दर्शनाबाईंना घेऊन नायगावला भावाकडे गेल्या. त्यांचे वडील गायनपार्टीत पेटी वाजवायचे, आणि थोरला भाऊ, अण्णा, अजून जयंतीच्या कार्यक्रमांना बेंजो वाजवतो. अण्णांनी चहा सांगितला, बेंजो मांडीवर घेतला आणि कुठली चाल हवी ते विचारलं. मालनताई म्हणाल्या, चाल नको, तारा जुळव.

अण्णांना वाटलं बहीण चेष्टा करतेय. "माले, त्या जुळवल्यावर मग वाजवायचं असतं गं. जुळवताना कोण ऐकतं?"

"कुणीच ऐकत नाही. म्हणून त्याला कुणाचे शब्द चिकटलेले नाहीत."

मग त्यांनी दर्शनाबाईंना सांगितलं, लहानपणी बाबांबरोबर कार्यक्रमाला गेलं की मंचामागे सतरंजीवर झोपवायचे. गाणी पुष्कळदा झोपेतच गेली. पण त्याआधीचं ते तारा पिळणं, सूर वर चढणं, घसरणं, पुन्हा चढणं, ते मात्र पक्कं कानात बसलंय. मोठी माणसं काहीतरी शोधतायत आणि सापडत नाहीये, असं तेव्हा वाटायचं.

अण्णांनी सगळ्या तारा सैल केल्या आणि एकेक जुळवायला घेतली. तार जवळ यायची, निसटायची. दर्शनाबाईंनी फोनवर रेकॉर्ड करता करता डोळे पुसले. बेचाळीस धुनांत जे नव्हतं ते इथे होतं, आणि त्याला नावसुद्धा नव्हतं.

सोमवारी मालनताईंनी परीक्षा उलटी घेतली. सहावीचं प्रात्यक्षिक चालू असताना कपाटामागे ते रेकॉर्डिंग लावून फोन ठेवला. एकानेही मान वर केली नाही. एका मुलीने फक्त विचारलं, बाहेर कुणी काही दुरुस्त करतंय का. मालनताई खूश झाल्या. अक्षताला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती हसण्याची वाट बघत बसेल, हे त्यांना कळत होतं.

मंगळवारी दादरच्या नाट्यगृहात चार शाळांची मुलं खचाखच भरली होती. आधीच्या नाटकात राजाचा पाय दाढीत अडकला म्हणून पाच मिनिटं शिट्ट्या पडल्या होत्या. दर्शनाबाई विंगेत उभ्या होत्या. मालनताई आवाजाच्या मिक्सरपाशी बसल्या. आवाज त्यांनी इतका हळू वाढवला की दर्शनाबाईंनाही तो नेमका कधी सुरू झाला ते समजलं नाही. स्टेजकडच्या स्पीकरला जवळजवळ काहीच नाही, हॉलमध्ये जेमतेम.

आजीने डबा उघडला. चकलीची पुडी काढली, वास घेतला, ठेवली. तार वर चढत होती. लाडवाची पुडी हातात धरून ती थांबली, आणि थांबूनच राहिली. तालमीत ती एवढी कधीच थांबली नव्हती. तार निसटली. पाचशे पोरं बसली होती आणि कुणाची खुर्ची वाजली नाही. अक्षताने एकदाही समोर पाहिलं नाही. शेवटची पुडी ठेवून तिने रिकाम्या डब्याला झाकण लावलं तेव्हा घड्याळात दीड नाही, दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती. मग टाळ्या पडल्या आणि त्या पडतच राहिल्या.

टोप हातात घेऊन अक्षता धावतच मिक्सरपाशी आली. तिला धाप लागली होती.

"मालनताई, तुम्ही काहीच लावलं नाही ना? मी घाबरले नाही. मला वाटलं मी नुसती थांबले आणि सगळे थांबले."

दर्शनाबाई मागेच उभ्या होत्या. नायगाव, अण्णा, सैल केलेल्या तारा, सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मालनताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि दर्शनाबाईंनी ते सगळं तिथेच गिळलं.

"नाही लावलं," मालनताई म्हणाल्या. "तुझ्यासाठीच थांबले सगळे."