उन्हात ठेवलेला रुपयाएवढा सेल

गल्लीतल्यांनो, हे आत्ताच वाचा.

आमच्या जुन्या रिमोटला दोन पेन्सिल सेल लागायचे. नवा रिमोट पातळ आहे, कारण त्यात रुपयाएवढा एकच सेल तीन व्होल्ट देतो. तो डाऊन झाला म्हणून सासूबाईंनी नेहमीसारखा दुपारी ओट्यावर उन्हात ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं तर गायब!

"आठेच ठेयेल व्हता वं माय," म्हणत ओट्यावरची ती जागा दाखवत त्या रडायलाच लागल्या.

माझ्या दीड वर्षाच्या परीला घेऊन दवाखान्यात धावलो. एक्स-रेत काही नाही. पण डॉक्टर म्हणाले, रिमोटला न पुरणारा सेलसुद्धा घशात अडकला तर काही तासांत आतून जाळतो.

सगळा ओटा झाडला, सेल सापडला नाही. तिथे तुमचीही पोरं खेळत होती.

तुमचं पोर आज घास गिळताना रडतंय का?