आत्याबाईंच्या परातीतली कबड्डी

काल हिंगोलीत मुलींची कबड्डी बघायला थांबले. सामन्याआधी पंच एकेकीची नखं तपासत होते, अंगठ्या काढायला लावत होते... आणि मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारच्या बाई माझ्याकडेच बघायला लागल्या!

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होतं तेव्हाची गोष्ट. मी सेनगावजवळच्या एका गावात नवी नवी सून होते. माझा धाकटा दीर बाळू गावच्या क्लबचा रेडर. चढाईला निघाला की त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही, कळायचं नाही.

पण यात्रेतली ढालीची फायनल म्हणजे शेवटी मारामारी, हे आमच्याकडे ठरलेलंच. पोरांच्या हातात नवसाची स्टीलची कडी असायची. खेळताना ती लागायचीच, आणि भांडण झालं की तीच मुठीवर सरकवून हाणायची... आदल्या वर्षी कळमनुरीकडच्या टीमचा कॅप्टन शेषराव याच्या कड्याने बाळूची भुवई फाटली होती. डोळा थोडक्यात वाचला.

त्यावर सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, जाहीर करून टाकलं, "या साली रगत दिसलं का कबड्डी बंद. मला पोरगं पाहिजे, ढाल न्हाई."

बाळूचं तोंड एवढंसं झालं. कबड्डीशिवाय तो कुठेच इतका खूश दिसत नसे... माझ्याने बघवेना. मी बोलून गेले, "आत्याबाई, यंदा मी बघते."

काय बघणार होते देव जाणे! मला फक्त आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवत होत्या. असेंब्लीत हात पुढे करायचे, नख वाढलेलं दिसलं की रांगेच्या बाहेर. खेळाच्या तासाला अंगठी नाही, बांगडी नाही, पिनसुद्धा नाही.

मी शाळेतल्या खेळाच्या सरांना तेच सांगितलं. यात्रेत पंच तेच असत. ते म्हणाले, "वैनी, माझं कुणी ऐकत न्हाई. तुमीच या."

कडी काढा म्हटल्यावर पोरं नव्या वैनीला नाही म्हणू शकली नाहीत, पण अडचण निघालीच. नवसाचं कडं जमिनीवर ठेवता येत नाही. ते मी घरी सांगितलं, तेव्हा आत्याबाई आत गेल्या आणि पितळेची परात घेऊन आल्या. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात तांदूळ ओतले...

यात्रा दत्तजयंतीची. त्या दुपारी मी देवळाच्या पायरीवर मांडीत परात आणि हातात नेलकटर घेऊन बसले. एकेक गडी कडं काढून तांदळात ठेवत होता, हात पुढे करत होता. शेषरावाने हात पाठीमागे लपवले. "न्हाई वैनी, लोक हासून राहिले!" शेवटी त्याचीही नखं कापली. गावभर हशा.

सामना इतका सुंदर झाला म्हणून सांगू... शेवटच्या चढाईत बाळूला शेषरावाने मध्यरेषेपाशी धरलं. पंचांनी बाळूला बाद दिलं आणि आम्ही एका पॉइंटने हरलो. "रेषा शिवली व्हती!" म्हणत आमची पोरं उसळली, समोरची पुढे आली. आणि कुणीतरी ओरडलं, "कडी आणा रे!"

दोन्ही टीम माझ्यावर धावून आल्या. परात मी घट्ट धरली. आता बाळूची कबड्डी संपली, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात मागून आमच्या शेजारची म्हातारी गयाबाई कडाडली, "तांदूळ पायाखाली आले तर बघा मुडद्यांनो! खाली बसा!"

अन्न पायदळी तुडवायची कुणाची हिंमत होती? सगळे उकिडवे बसले. पण मी दोन्ही टीमची कडी एकत्रच टाकली होती, आणि सगळी सारखीच. तांदळाचा दाणा सांडू न देता हे बलदंड गडी बोटांनी हळूहळू चाचपत होते...

"हे माझं न्हाई, मोठं हाय."

"तुझं मनगट हाय का तुरीची काडी? आण इकडं."

शेषरावाने घाईत एक कडं चढवलं. ते निघालं बाळूचं, आणि अडकून बसलं. बाळूने पाय रोवून त्याचा हात ओढायला सुरुवात केली.

"काहून ओढून राहिला बे? हात घरी न्यायचा हाय मला!"

"मंग मगाशी मला धरलं व्हतं ते? आता सोड म्हनतो!"

एकजण हसला, मग दुसरा, मग सगळेच. भज्यांच्या गाड्यावरून वाटीभर तेल आणलं, कडं सटकन निघालं आणि दोघेही पाठीवर पडले. भांडण कुठल्या रेषेवरून होतं, ते कुणाला आठवलं असेल असं मला वाटत नाही.

आत्याबाई मैदानावर कधी येत नसत. ओट्यावर बसून असत. बाळू आला तसं त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं... नुसती माती.

मग म्हणाल्या, "जितला का रे?"

"हारलो आई. एका पॉइंटनं."

"असू दे. पुढच्या साली जित."

त्यांनी त्याला निकाल विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. बाळू माझ्याकडे बघून असा काही हसला, की आजही आठवलं की बरं वाटतं. खेळून आलेल्या लेकराला आईने निर्धास्तपणे निकाल विचारावा... खेळाच्या सगळ्या नियमांकडून मला तरी एवढंच हवं आहे.