आठवीपासूनचे मार्क

मॅट्रिकला, म्हणजे तेव्हाच्या अकरावीला, मला सेकंड क्लास मिळाला आणि मला सायन्सलाच जायचं होतं. अकोल्याच्या कॉलेजात सायन्सच्या जागा आधी फर्स्ट क्लासवाल्यांना देत. तरी मी बाबांना म्हटलं, "चला, प्राचार्यांना भेटून तं येऊ." निघताना पिशवीत आठवीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं घातली.

बाबा म्हणाले, "आठवीचं कायले नेतं वं? त्यात तं काठावर पास हायेस."

"तेच दाखवाचं हाय," मी म्हटलं.

आमचं घर वरवट बकालला. आठवीपासून मी शाळेसाठी जळगाव जामोदला आत्याकडे राहिले. तिथे गणितात मी मागे पडत गेले. फळ्यावरचं मला धूसर दिसायचं, पण सगळ्यांनाच तसं दिसतं असं मला वाटे. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचं, तिच्या चुकांसकट.

नववीच्या दिवाळीत बाबा न्यायला आले. स्टँडवर म्हणाले, "पाटी वाच बरं, कोन्ती गाडी हाय?" त्यांना वाचता येत नव्हतं. मी गाडीपाशी जाऊन, पाटीला नाक लावून वाचली. दुसऱ्या दिवशी बाबा मला खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

चष्मा पाहून आत्या बिथरली. "पोरीच्या नाकावर काच ठेवली, आता सोयरीक कोन करन?"

बाबा म्हणाले, "आधी तिले फळा दिसू दे, बाई."

फळा दिसला. त्या वर्षी वार्षिकला गणितात पन्नासच्या वर गेले, दहावीत साठच्या, मॅट्रिकला ऐंशीच्या. पण भाषांनी माझी एकूण बेरीज खाली ओढली, कारण पुस्तकातली मराठी आणि आमच्या घरातली मराठी यांचं फारसं जमत नव्हतं.

अकोल्याला प्राचार्यांनी माझी मॅट्रिकची मार्कशीट पाहिली आणि सरळ सांगितलं, "आर्ट्सला ये. सायन्स जड जाईल."

मी प्रगतिपुस्तकं टेबलावर ओळीने मांडली. "सर, फक्त गणित आणि विज्ञान पाहा. आठवीपासून."

त्यांनी चारही पाहिली. मग विचारलं, "आठवीत इतके कमी का?"

"तेव्हा फळा दिसत नव्हता, सर."

ते हसले नाहीत. पुन्हा नववीचं पुस्तक हातात घेतलं, सहामाही आणि वार्षिकचे आकडे बोटाने दाखवत म्हणाले, "चष्मा इथे लागला?"

"हो सर."

"आणि कॉलेजात मार्क उतरले तर?"

"तर मीच येऊन आर्ट्सला नाव बदलून घेईन. पण उतरणार नाहीत."

बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. प्राचार्यांनी अर्जावर सही केली आणि म्हणाले, "सहामाहीला बघतो."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "असं बोलाले कोनं शिकवलं तुले?" रागावले नव्हते. स्टँडवर त्यांनी मला भजी खाऊ घातली.

सहामाहीला गणितात मी वर्गात दुसरी आले. फिजिक्सला मात्र जेमतेम पास. प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा मी घाबरले नाही. कमी मार्कांवरून वर कसं यायचं, ते मला ठाऊक होतं. तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी लॅबमध्ये संध्याकाळी जादा बसायची परवानगी दिली. वार्षिकला फर्स्ट क्लास आला, आणि पुढे बी.एस्सी.ला जाताना कुणी माझ्यापुढे आर्ट्सचं नाव काढलं नाही.