दिवेलागणीनंतरचा कचरा

ठाण्यात कोलशेतला खाडीकडच्या अंगाला शकू मढवीची पत्र्याची शेड आहे. भोवती टॉवर. ते ज्या भातजमिनींवर उभे आहेत त्या तिच्या सासरच्यांच्याच होत्या. जमिनी विकून पैसा आलेल्या घरातली ही बाई भंगार कशाला चिवडते, हे गावाला कधी उमगलं नाही. नवरा भिवा केमिकल कंपनीत होता. कंपनीला टाळं लागलं तेव्हा त्यानं तिथली रिकामी पिंपं स्वस्तात उचलली आणि भंगाराचा धंदा मांडला. पुढे भिवा गेला, पिंपं राहिली, आणि शकू पिंपांपाशी राहिली. घरात बसलं की माणूस गंजतो, असं ती म्हणायची.

मुलगा धनेश याला त्या जागेवर गाड्यांचं पार्किंग करायचं होतं. टॉवरमध्ये गाड्या जास्त आणि जागा कमी. तो आईला वाईट बोलत नसे, पण जेवताना रोज एकदा विषय काढी.

अशात सरकारचा नवा कायदा आला. प्रत्येक प्रभागात सुका कचरा देण्याची एक तरी जागा हवी. रहिवासी असो की दुकानदार, कोणालाही ‘नाही’ म्हणायचं नाही, आणि नोकरीवाल्यांसाठी रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचं. मंजुरी नसलेल्या शेडनं मात्र कचरा घ्यायचाच नाही. शकूनं अर्ज केला. महापालिकेची निरीक्षक दर्शना येऊन जागा बघून गेली आणि तात्पुरती मंजुरी मिळाली. दारावर पाटी लागली. पावसाळ्यापर्यंत नीट चाललं तर मंजुरी पक्की, नाहीतर शेड बंद. शेड बंद झाली तर पार्किंग, हे धनेशनं सांगायची गरज नव्हती.

सकाळी गावातल्या बाया यायच्या, दुपारी दुकानदार खोकी आणून टाकायचे. टॉवरवाले यायचे सातनंतर, कामावरून आल्यावर. आणि तिथंच गाडी अडली. शकू नऊपर्यंत बल्ब लावून बसायची, पण सातनंतर कोणाकडून काही घ्यायची नाही.

तिच्या घरची रीत तशी होती. दिवा लागला की घरातलं काही बाहेर द्यायचं नाही. मीठ नाही, विरजण नाही, केरसुद्धा नाही. त्याच्या मागोमाग लक्ष्मी निघून जाते. आता कचरा देणारे दुसरेच होते, शकूच्या घरातून काहीच जात नव्हतं. पण दुसऱ्याची लक्ष्मी आपल्या हातानं काढून घ्यायची, हे तिला त्याहून वाईट वाटायचं. म्हणून ती एकेकाला परत पाठवायची. “दिवं लागलं रं बाला. घरान ने. सकालचे आन.”

टॉवरवाल्यांना यातलं काय कळणार? पाटीवर नऊ लिहिलंय, दार उघडं आहे, बाई बसली आहे आणि घेत नाही. पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रारी पडू लागल्या. बाई उद्धट आहे, बाई आळशी आहे. एकानं तर दारू पिऊन बसते असंही लिहिलं.

दर्शना डोंबिवलीच्या घरून आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

“मावशी, कायद्यात नऊ आहे.”

“नऊपर्यंत बसतंय ना मी.”

“बसून काय उपयोग? घ्यायला पाहिजे.”

“घेईन की. पन त्यांची लक्ष्मी गेली तं तुझं सरकार भरून देल काय?”

दर्शनानं वही मिटली. पुढच्या पाहणीला मी पुन्हा येईन, तोवर एकही तक्रार आली तर माझा नाइलाज आहे, एवढं सांगून ती गेली. त्याच संध्याकाळी धनेश एका माणसाला घेऊन आला आणि दोघांनी टेप लावून शेडची लांबी-रुंदी मोजली. शकू बाटल्यांची बुचं काढत बसून राहिली. टेप तिच्या पायाशी आला तेव्हा तिनं पाय उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

वाट सुचवली ती सुनेनं, कल्पितानं. भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, “आई, ज्यांच्या घरी दिवाच लागला नसेल त्यांचं घ्यायला काय हरकत? कामावरून येईपर्यंत कुलूप असतं हो घरांना.”

सात वाजले तरी घरात दिवा नाही, असंही घर असतं, हे शकूच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला त्या लोकांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी पहिली आली नयन, सतराव्या मजल्यावरची, कल्याणच्या बँकेतून थेट. गाडीत दोन दिवसांच्या पिशव्या पडल्या होत्या.

“घरान दिवा लागला काय गं?”

“कोण लावणार? मी अजून वर गेलेच नाहीये.”

पिशव्या वजनकाट्यावर चढल्या. मग त्याच टॉवरमधला ब्रँडन आला. त्यानं डोकं खाजवून विचारलं, “आमच्यात मम्मी मेणबत्ती लावते. ती चालते का?” शकूनं विचार केला आणि मेनबत्ती पन दिवाच, असा निकाल देऊन त्याला परत पाठवलं. त्याच्या मागच्या म्हाताऱ्या जोशीबाईंनी दिवा लावून आल्याचं खरं सांगितलं, त्याही परत गेल्या.

पण तक्रार कोणी केली नाही. दोन दिवसांत सगळ्या टॉवरला उत्तर पाठ झालं होतं. ब्रँडनची मम्मी हल्ली उशिरा मेणबत्ती लावू लागली. जोशीबाईंच्या बोटांना तुपाच्या वातीचा वास होता, तरी त्या डोळे मिचकावून “नाही बाई” म्हणाल्या. शकूला वास आला. पण विचारायचं काम तिचं, खरं बोलायचं काम त्यांचं. ती कचरा घेत गेली.

जूनच्या तोंडाला दर्शना पाहणीला आली, मुद्दाम आठच्या सुमारास. दारात रांग होती. ती पुढच्यांचं ‘नाही’ ऐकत गुपचूप रांगेत उभी राहिली, हातात ऑफिसातल्या रिकाम्या बाटल्यांची आणि घरच्या रद्दीची पिशवी घेऊन. नंबर आला तेव्हा शकूनं मान वर केली. ओळख दाखवली नाही.

“घरान दिवा लागला काय?”

दर्शनानं घड्याळ बघितलं. डोंबिवलीत तिच्या सासूबाईंची आरतीसुद्धा उरकली असणार.

“नाही, मावशी,” ती म्हणाली.

शकूनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग पिशवी घेऊन काट्यावर ठेवली.