आठळ्यांचे मोदक

वयनी कुठलीही गोष्ट फेकण्याआधी चावून बघायची. कलिंगडाची साल, केळीचा गाभा, काहीही. वयनी म्हणजे माझी बायको. भावंडांनी वयनी म्हटलं, वाडीने तेच धरलं. मी हसलो की म्हणायची, "टाकूक काय अक्कल लागता?"

साठ सालानंतरची एक चतुर्थी. शेतात भात उभं, कणगीत खडखडाट. रेशनचा तांदूळ मालवणात आला नव्हता. घरात मूठभर पीठ, आणि गणपतीला एकवीस मोदक हवेत. वयनीने कोपऱ्यात मातीत घालून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या काढल्या, उकडल्या, सोलल्या, पाट्यावर वाटल्या. त्यात ते मूठभर पीठ घातलं. पहिल्या दोन पाऱ्या फाटल्या. मग तिने नारळाचं दूध घालून पीठ पुन्हा मळलं, आणि तिसरी पारी फुलासारखी वळली.

आई चुलीपाशी येऊन उभी राहिली. "देवाक आठळ्यो वाढतलंस गो?"

"फणस देवानंच दिल्यान ना, आई? आठळ्यो काय आमी आत घातल्यो?"

आई माझ्याकडे बघू लागली. मी बाहेर जाऊन मखराची दोरी आवळत बसलो. आवळलेलीच होती ती.

संध्याकाळी भजनवाले आले. मोदक खाऊन बुवांनी विचारलं, ही कोणाची करणी? आईने सांगितलं, आमच्या घरची जुनी रीत. वयनी आत भांडी घासत होती. तिला ऐकू गेलं. मलाही गेलं. मी बुवांना पान दिलं.

पुढच्या वर्षी वाडीत चार घरांनी तसे मोदक केले. आईवरून नाव पडलं म्हातारीचे मोदक. वयनीला एकदा विचारलं, राग येत नाही? तिने विषय बदलला, माडाला पाणी घातलंत का म्हणून.

या आषाढात ती गेली. तेराव्याला सुनेने तिच्या आवडीचे म्हणून तेच मोदक केले. पंगतीत कोणीतरी म्हणालं, म्हातारीची रीत टिकली हो. मी घास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ही रीत आईची नव्हे. वयनीची. मी बघितलं आहे.

वाढायला उभी असलेली माझी धाकटी बहीण जवळ आली.

"माका ठावक होता, दादा. आयेकव ठावक होता. वयनीक फक्त तुझ्या तोंडान ऐकूचा होता."

आणि तिने माझ्या पानात आणखी एक मोदक वाढला.