भियाळी मावशी

बोलता बोलता मावशी मध्येच थांबायच्या. हनुवटी वर करायच्या, पदर नाकाजवळ न्यायच्या पण लावायच्या नाहीत, आणि डोळे बारीक करून हवेत काहीतरी शोधत राहायच्या. मग समोरच्याला हळूच विचारायच्या, "वास येता मां?"

साकीनाक्याला आमच्या बैठ्या चाळीत या प्रश्नाची चेष्टा व्हायची. वास तर चोवीस तास यायचा. मागे कारखान्यांचे गाळे, पुढे धुळीचा रस्ता. पण मावशींना त्यातला नेमका नवा वास कळायचा आणि त्या घाबरायच्या. "माका भिया वाटता," असं त्या सरळ सांगायच्या. मोठ्या माणसाने भीती वाटते असं चारचौघांत म्हणायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस राहून गेलं असेल, सगळ्यांच्या आधी घाबरणारं.

मावशी मालवणकडच्या. नवराबायको दोघंही गिरणीत होती. कापसाच्या धुळीने मावशींना खोकला जडला तो कायमचा. संपानंतर गिरणी सुटली, परळची खोली गेली, आणि दोघं आमच्या चाळीत राहायला आली. वर्षभरात नवरा गेला. मुलगा बोरिवलीला सासऱ्याच्या शेजारी राहायचा. मावशी एकट्या, शेवटच्या खोलीत.

त्या थंडीत भोपाळची बातमी आली. वर्तमानपत्रातले फोटो चाळीत हातोहात फिरले. मावशींनी ते पाहिले आणि उलटे करून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे उद्योग सुरू झाले. भांडी विसळलेलं, कपडे पिळलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि सकाळ-संध्याकाळ दारासमोरच्या धुळीवर मारायचं. खिडकीत ओली चादर टांगायची. कोणी कोरड्या जमिनीवर खराटा फिरवू लागलं, तर त्याच्या हातून तो काढून घ्यायच्या आणि आधी पाणी शिंपायच्या. झाडूवाला पालापाचोळ्याला काडी लावायला निघाला, की या ढिगापाशी जाऊन उभ्या. तो वैतागून म्हणायचा, "मावशी, मग काय करू याचं?" तर चाळीच्या कोपऱ्यात स्वतः खड्डा खणून त्यांनी त्याला दाखवला.

माझ्या शेजारच्या शेवंताबाई जालन्याकडच्या. त्या हसायच्या. "मावशी, तुमच्या बादलीभर पाण्यानं मुंबईची हवा धुऊन निघती व्हय?"

"मुंबयची नाय गो," मावशी म्हणायच्या. "आपल्या दारातली."

मी हसत नव्हते. माझी नीता तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला दमा होता. रस्त्यावरून एखादा ट्रक धूळ उडवत गेला, तरी तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. मावशींच्या खालोखाल भित्री बाई चाळीत मीच होते. फक्त मी ते बोलत नव्हते.

आमची खरी भीती मागच्या भिंतीपलीकडे होती. तिथल्या एका गाळ्यात जुन्या वायरींचा धंदा चाले. भेंडोळीच्या भेंडोळी मागच्या मोकळ्या जागेत टाकायची आणि पेटवून द्यायची. वरचं रबर, प्लास्टिक जळून जाई, खाली तांबं उरे. धूर काळा, जड, जिभेवर बसणारा. रोज थोडं थोडं जळायचं, म्हणून आम्ही दारं लावून निभावत होतो.

डिसेंबर संपता संपता एका सकाळी त्यांनी एकदम मोठा ढीग पेटवला. वारा जवळजवळ पडलेला होता. धूर वर गेलाच नाही. भिंतीवरून तो चाळीत उतरला, गोठ्यातून म्हैस यावी तसा सावकाश. कोणीतरी "गॅस, गॅस" म्हणून ओरडलं आणि चाळीची वाट लागली. माणसं पळाली, पण कुठे पळायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. काही धुरातच घुसली. मी नीताला घेऊन दार लावून घेतलं, फटींत कपडे कोंबले. नीताला धाप लागली. तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. ओठ निळसर दिसायला लागले. ती रडतही नव्हती, तेवढा श्वासच नव्हता तिच्याकडे. खोलीत दिवसाढवळ्या अंधार झाला होता आणि मला माझे हात हलवता येत नव्हते.

दारावर थापा पडल्या. "भायर ये. चेडवाक घेऊन भायर ये."

एरवी सगळ्यांना दारं लावायला सांगणारी बाई दार उघडायला सांगत होती. मी उघडलं. मावशींनी तोंडाला ओला पंचा गुंडाळला होता. दुसरा ओला पंचा त्यांनी नीताच्या नाकावर धरला. दोरीवरचे कपडे जरासे ज्या बाजूला हलत होते, ती धुराची वाट सोडून त्या आडव्या चालायला लागल्या. मी मागे. मेन रोडला आलो तेव्हा पुढचं दिसायला लागलं. रिक्षा मिळाली. डॉक्टरांनी नीताला इंजेक्शन दिलं. तिचा रंग परत येईपर्यंत मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसून खोकत होत्या. खोकला थांबला तेव्हा म्हणाल्या, "ह्या आता दारां लावून भागाचा नाय."

दुसऱ्या दिवशी त्या गाळ्यावर निघाल्या. मी आणि शेवंताबाई बरोबर गेलो. शेठ खुर्चीत बसून चहा पीत होता. आम्हाला वाटलं मावशी भांडतील. मावशी म्हणाल्या, "शेठ, मी भियाळी बाई. माका तुमच्या धुराचा भिया वाटता."

शेठ हसला. "मावशी, धंदा आहे ना. वायर जाळली नाय तर तांबा निघणार कसा?"

"सोलून."

"एवढी वायर सोलणार कोण?"

"आमी सोलतंव," मावशी म्हणाल्या. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शेठला गंमत वाटली असावी. त्याने एक भेंडोळं आमच्या अंगावर टाकलं. मावशींनी घरी येऊन विळी काढली, पाट पायाखाली दाबला आणि मासा चिरावा तशी वायर पात्यावर ओढली. पहिल्यांदा वायर निसटली आणि बोट कापलं. दुसऱ्यांदाही कापलं. तिसऱ्या खेपेला वरचं साल उभं फाटलं आणि आतून लालभडक तांबं निघालं. दुपारपर्यंत ओटीवर चार विळ्या मांडल्या होत्या. शेवंताबाईंचा हात सगळ्यांत आधी बसला.

ते स्वच्छ तांबं शेठने हातात फिरवून पाहिलं. जळलेल्यापेक्षा त्याला बाजारात भाव बरा येतो, हे त्याला आमच्याआधी ठाऊक असणार. सोलायला माणसं लावण्याची कटकट नको म्हणून तो जाळत होता. आता कटकट आम्ही घेतली होती. जाड वायर चाळीत येऊ लागली आणि सोलण्याचे पैसेही मिळू लागले. बारीक वायर विळीवर काही सोलली जाईना. ती तो अधूनमधून जाळायचाच. पण रोजचा काळा धूर गेला. त्या पावसाळ्यापर्यंत नीताला मोठा झटका आला नाही.

सगळं झकास चाललंय असं आम्हाला वाटत होतं, तेवढ्यात शेठने अर्धा धंदा पाण्याच्या पाइपलाइनपलीकडे हलवला. तिथल्या वस्तीमागून काळा धूर दिसायला लागला. चाळीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आपल्याकडे नाही म्हणून. मावशींना जेवण जाईना. तोवर त्यांना चार पावलं चाललं तरी दम लागत होता, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती.

"थय पण पोरां आसत," त्या मला म्हणाल्या. "येतंस माझ्यावांगडा?"

रिक्षाने गेलो. तिथे शेठ नव्हता, त्याचा मुकादम होता. हातात लोखंडी सळई घेऊन तो आडवा आला. "म्हातारे, चालती हो. नायतर तुलाच टाकीन जाळात."

मावशींचा हात माझ्या हातात होता. मला पळून जावंसं वाटत होतं. मावशी म्हणाल्या, "टाकशीत रे बाबा. म्हणानच माका भिया वाटता." आणि तिथेच, पेटत्या ढिगापासून दहा-बारा हातांवर, त्या खाली बसल्या. उभं राहवत नव्हतं म्हणून बसल्या, पण मुकादमाला वाटलं, बाईने धरणंच धरलं. वस्तीतल्या बायका बाहेर आल्या. एकीने पाणी आणलं. मावशींनी पिशवीतून विळी काढली आणि खोकत खोकत त्या बायकांना वायर कशी धरायची ते दाखवायला लागल्या. मुकादम सळई घेऊन आत निघून गेला.

तिथली जाळपोळ पुरती थांबली नाही. निम्मी झाली असेल.

दिवाळीनंतर मुलगा आला आणि मावशींना गावी घेऊन गेला. तिकडे हवा चांगली, असं तो म्हणाला. जाताना मावशी माझ्या नीताकडे इतका वेळ बघत राहिल्या की मीच तोंड फिरवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा खोली रिकामी करायला आला, तेव्हा मावशी गेल्याचं कळलं. मी त्याला चहा दिला. बोलता बोलता तो म्हणाला, "तिकडे पण तेच. काकीच्या स्वयंपाकघरात चुलीचा धूर कोंडायचा, तर आई रोज घाबरायची. काकीच्या नातवाला खोकला होईल म्हणून. शेवटी चुलीच्या वरची कौलं काढायला लावली तिने, आणि पावसासाठी वर पत्रा तिरका बसवून घेतला. मग स्वतःचं अंथरूण तिथेच घातलं. आम्ही म्हटलं, पडवीत झोप, वारा आहे. तर म्हणे, धूर खय जाता ता बघूक होया."

त्याने कप खाली ठेवला. "गेली त्या सकाळी पण वरच बघत होती. काकीला म्हणाली, आता सरळ जाता."

खोलीला कुलूप लावून तो गेला. मी घरात आले, नीताला अभ्यासाला बसवलं, हनुवटी वर करून हवेचा वास घेतला आणि तरी खिडकी लावून घेतली. बाहेर कुठेही काही जळत नव्हतं.