नखं, मिशा आणि पोवळं

नाशिकच्या ज्या कॉलेजात मी हॉटेलचा स्वयंपाक शिकायला गेले, तिथं पहिले पंधरा दिवस आम्हाला गॅसला हातही लावू दिला नाही. आधी माणसं व्हा, मग स्वयंपाकी, असं आमचे सर म्हणायचे. माणूस म्हणजे काय, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. नखं बोटाच्या आत, केस जाळीत, पांढऱ्या कोटाला सुरकुती नाही, बुटात तोंड दिसलं पाहिजे. मुलींनी बांगड्या, टिकली आणि मेंदी घरी ठेवून यायची, मुलांनी दाढी आणि मिशा.

"किचन म्हणजे मंदिर," सर सांगायचे.

"मंदिरात टिकली चालते, सर," असं मी एकदा बोलून गेले. त्या दिवशी दुपारपर्यंत मी मंदिराबाहेर, व्हरांड्यात उभी होते.

सर पूर्वी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात होते. किती वर्षं होते, तो आकडा दर महिन्याला वाढायचा. त्यांच्या उजव्या हातात तीन अंगठ्या होत्या, त्यातली एक पोवळ्याची, लालभडक. किचनमध्ये अंगठी चालत नाही, हा नियम त्यांनीच आम्हाला लिहून दिला होता. पण नियम विद्यार्थ्यांसाठी होते आणि मंगळ सरांच्या मागे लागला होता, त्यामुळे कुणी काही बोलत नसे.

रोज सकाळी आठला तपासणी. आम्ही ओळीत उभे राहून दोन्ही हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. सर हातात फूटपट्टी घेऊन फिरायचे. नखं मोजायला फूटपट्टी कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

वर्गात सटाण्याकडचा एक मुलगा होता. शेतकऱ्याचा, अंगानं दणकट, मिशी झुपकेदार. सरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला दम भरला, "ही मिशी सूपमध्ये पडणार." त्यानं बिचाऱ्यानं ती काढली आणि शनिवारी गावी गेला. सोमवारी परत आला तेव्हा तोंड उतरलेलं. आमच्याकडे बाप गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत, हे सर मुंबईत विसरले असावेत. गावात तो एसटीतून उतरला तसे पारावरचे लोक उठून उभे राहिले. चुलती तर गळ्यातच पडली आणि रडायला लागली. हा आपला सांगतोय, अगं कॉलेजनं काढायला लावली. तेवढ्यात बाप स्वतः बैल पाण्यावर नेत समोरून आला. चुलतीनं डोळे पुसले आणि याच्या पाठीत धपाटा घातला, "तुना बाप जित्ता शे ना रे!"

बाप पोराशी दोन दिवस बोलला नाही. आम्ही हसलो, पण तो हसला नाही, हे मला अजून आठवतं.

माझी गोष्ट टोमॅटोची. आमचं शेत सायखेड्याच्या बाजूला. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा घरात तीन एकर टोमॅटो होता. तोडा चालू झाला की घरातल्या सगळ्यांनी वावरात उतरायचं. टोमॅटो तोडला की हाताला त्याच्या पाल्याचा हिरवट-काळा राप चढतो. साबणानं जात नाही. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला तो बसून राहतो. मी दोन तास तोडून, हात घासघासून, सकाळची बस धरून कॉलेजात यायचे आणि पट्टीपुढे हात धरायचे.

"मिस, हे काय आहे?"

"टोमॅटोचा राप, सर. सकाळी तोडा होता."

"धिस इज डर्ट."

"घाण नाही सर. पाल्याचा रंग आहे."

"गेस्टला तू हे सांगणार?"

मुलं खुसखुसली. ज्यांच्या बोटांना कधी चिखल लागला नाही, ती जास्त. मी घरी येऊन आईला सांगितलं, मला तोडायला यायचं नाही. आई प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये टोमॅटो रचत होती. तिनं एक पिकलेला, फुटका टोमॅटो उचलला, माझ्या हातावर कुस्करला आणि खसाखसा चोळायला लागली.

"त्याचा डाग त्यानंच निघतो. तुझ्या सरांना एवढं म्हाईत नाय? लय शिकल्यात म्हणं."

बराचसा निघाला. पण नखांच्या कडेचा राहिला.

दिवाळीआधी कॉलेजात एक जेवण ठेवलं होतं. शहरातले प्रतिष्ठित लोक, संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या बायका, असे चाळीसेक पाहुणे. सगळा स्वयंपाक आम्ही करायचा आणि वाढायचाही आम्हीच. महिनाभर मी त्या दिवसाची वाट पाहत होते. माझ्याकडे सूप होतं, टोमॅटोचंच. सकाळी सरांनी माझे हात पाहिले आणि मला ओळीतून बाहेर काढलं.

"तू आज भांडी धुणार."

म्हणजे माझे हात सुपाच्या पातेल्याजवळ चालत नव्हते, पण पाहुणे ज्यात जेवणार त्या बश्या धुवायला चालत होते. मी बाह्या वर केल्या. मागच्या मोरीवर जाऊन उभी राहिले. रडूही आलं, पण मोरीवर तोंड ओलं असलं तर कुणी विचारत नाही.

सरांनी त्या दिवशी अध्यक्षांना दाखवायला म्हणून टूटी-फ्रुटीच्या ब्रेडची कणीक स्वतः मळली. भाषण देत, पीठ आपटत, अगदी मुंबईच्या थाटात. ब्रेड भट्टीत गेला, कापला गेला, वाढला गेला. आणि मग सटाण्याचा तो मुलगा बश्यांचा ढीग घेऊन मोरीवर आला. हसू दाबून दाबून त्याचा चेहरा लाल झाला होता.

"सर टेबलाखाली वाकून बघून ऱ्हायलेत," तो म्हणाला. "अंगठीतलं पोवळं गायब हाय. पाहुण्यांच्या ताटात डोकावतात आन् म्हणतात, जेवण कसं झालं?"

मी बश्या धुवायला घेतल्या. सातव्या की आठव्या बशीच्या कडेला, कुणीतरी सभ्य माणसानं तोंडातून काढून ठेवावा तसा एक लाल, टणक तुकडा होता. ती बशी अध्यक्षीणबाईंची होती, असं त्या मुलानंच सांगितलं. बाईंना पोवळं म्हणजे न शिजलेली चेरी वाटली असणार. दात वाचला हे नशीब.

क्षणभर वाटलं, मोरीत सोडून द्यावं. मग मी ते नीट धुतलं. स्वच्छ बशी घेतली, तिच्यात नक्षीचा कागद घातला, वर पोवळं ठेवलं. डोक्यावरची जाळी सारखी केली, कोट झटकला आणि भर पंगतीत चालत गेले. आम्हाला शिकवलं होतं तसं डाव्या बाजूनं, पाठ ताठ ठेवून, हसतमुखानं सरांपुढे बशी धरली.

"सर, आपलं पोवळं. अध्यक्षीणबाईंच्या ब्रेडमध्ये होतं."

चाळीस माणसांचे चमचे थांबले. अध्यक्षीणबाईंनी गालाला हात लावला. सरांनी पोवळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"हात धुतले होतेस ना?"

त्या माणसाची निष्ठा तरी मानलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: किचनमध्ये अंगठी आढळल्यास विद्यार्थ्यावर कारवाई होईल. विद्यार्थ्यावर! आमच्यात अंगठी घालणारं एकही पोर नव्हतं. सरांना कुणी काही विचारलं नाही. मला मात्र वर्षाच्या शेवटी नीटनेटकेपणात वर्गातले सगळ्यात कमी गुण मिळाले, आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'वागणुकीत सुधारणा आवश्यक.' आईनं तो कागद उलटसुलट करून पाहिला, त्यात नापास कुठं लिहिलंय ते विचारलं, आणि नाही म्हटल्यावर घडी घालून फळीवर ठेवला.

पास झाल्यावर मला आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात नोकरी लागली. मुलाखतीला मी कडक इस्त्रीचे कपडे घालून, फाइल छातीशी धरून गेले होते. मालक कांद्याची गाडी उतरवून घेत होता. त्यानं फाइल उघडलीच नाही.

"दोनशे माणसांची डाळ एकटीनं करशील?"

"करेन."

"मग आत जा. तेल तापलंय."